पहिलं अक्षर

लिएपायाच्या बंदरात, पायलट-कचेरीत,
दर शुक्रवारी चार वाजता
वेल्गा कपाळावरचा चष्मा नाकावर आणत
आणि एका बोटाने टाइप करत:
डिस्ककॉपी ए: ए:

दोनदा ए, कारण ड्राइव्ह एकच.
जिथून घ्यायचं तिथेच द्यायचं.
मशीन म्हणे, मूळ घाला. घातली.
आता कोरी घाला. घातली.
पुन्हा मूळ. पुन्हा कोरी.
मशीनची आठवण तोकडी, अख्खी फ्लॉपी
एका घासात मावायची नाही.
आजाऱ्याला भरवावं तशा खेपा.

मी सतरा वर्षांचा.
तांत्रिक शाळेने प्रिंटर दुरुस्तीला पाठवलेला.
प्रिंटरला काहीच झालं नव्हतं, रिबन वाळली होती.
तरी मी दर शुक्रवारी जात राहिलो,
कारण त्यांच्या खणात
काळा पाव आणि धुरी दिलेला मासा असे.

"साधी कॉपी करा ना," मी अक्कल पाजळली,
"नावाच्या फायली तेवढ्या जातील. मिनिटात."
"आणि बिननावाचं?"
मी म्हटलं, तिथे काही नसतं.
"नसू दे. तेही उतरू दे."
मक्षिकास्थाने मक्षिका,
रिकाम्याच्या जागी रिकामं, बरहुकूम.

फ्लॉपी विस्वाल्दिसची.
एकतीस हिवाळ्यांचा बर्फ, वह्यांमधून त्याने
रात्री बसून तिच्यात उतरवलेला:
कुठल्या तारखेला धक्क्याशी किती बोटं जाड,
कुठे मऊ, कुठे नुसता दिसायला घट्ट.
तो फेब्रुवारीत गेला.
पाण्यात नाही. दवाखान्यात,
यादीत नंबर लागायची वाट बघत.

त्या शुक्रवारी मी बडबडत होतो.
तिसऱ्या खेपेला वेल्गांचा हात चुकला,
कोरीच्या जागी मूळच गेली.
ड्राइव्ह घरघरला
आणि थांबला.
या तबकडीवर लिहिता येत नाही.

बाहेर काढून पाहिली. कडेच्या खाचेवर
जखमेला लावतात तसली चिकटपट्टी,
एका कोपऱ्याला तपकिरी डाग.
जाऊन सात महिने झालेला माणूस
बोटभर पट्टीने "नको" म्हणाला होता.
आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.
धक्क्यावर क्रेन कुणाचं तरी लाकूड उचलत होती.

मग अपराधी वाटून मी माझी फ्लॉपी काढली,
पुसलेलं परत आणणारी.
म्हटलं, प्रत नीट आली का तेवढं बघतो.
फाइल पुसताना मशीन फार काही करत नाही,
नावाचं पहिलं अक्षर खातं, जागा मोकळी झाली म्हणतं.
बाकी देह तिथेच पडून,
वरून कुणी लिहीपर्यंत.

यादी आली. पुसलेल्या सहा.
चार बर्फाच्याच, दुबार. एक पगाराचा हिशेब.
आणि शेवटची:
?एल्गा

पहिलं अक्षर द्या, मशीन म्हणालं.

आमच्या भाषेत सेल्गा म्हणजे
जिथून किनारा दिसत नाही ते पाणी.
पायलटच्या फ्लॉपीत हा शब्द असणारच.
आणि वेल्गा
माझ्या शेजारी बसल्या होत्या,
हात मांडीवर, एकावर एक.

"कुठलंही चालतं," मी म्हणालो,
"आत जे आहे तेच उघडेल."
हे खरं होतं.
आयुष्यात मी इतकं खरं
इतक्या चुकीच्या वेळी पुन्हा बोललो नाही.

त्यांनी बोट उचललं. कीबोर्डवर फिरवलं,
स वरून, व वरून,
जणू धूळ किती साचली ते बघतायत.
मग मशीन बंद करून चालू केलं
आणि डब्यातून नवी कोरी घेतली.
डिस्ककॉपी ए: ए:
मूळ घाला. कोरी घाला. मूळ. कोरी.

आणखी एक प्रत काढायची?
हो.

ती दुसरी त्यांनी माझ्या खिशात घातली.
अजून आहे. तिला घेईल असा ड्राइव्ह
माझ्या ओळखीत कुणाकडे उरलेला नाही,
आणि मी फारसा शोधलेलाही नाही.

"मासा संपव," त्या म्हणाल्या. "काटे बघून."